तबकडीवरचे नाव : लता मंगेशकर आणि पार्श्वगायकाचा हक्क

ग्वाल्हेरच्या महाराज बाड्याभोवती जी जुनी बाजारपेठ पसरली आहे, तिच्यातच टोपी बाजार येतो. दौलतराव शिंदे यांनी १८१०मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेस फौजेची छावणी वसवली. पुढे छावणीचे शहर झाले, पण ‘लष्कर’ हे नाव कायम राहिले. मराठीतला ‘वाडा’ तिथल्या बोलीत ‘बाडा’ झाला. शिंदे सरकारच्या चाकरीत उत्तरेकडे गेलेली मराठी कुटुंबे याच पेठांच्या आसपास स्थिरावली आणि त्यांच्यापैकी काहींच्या घरी ख्यालगायनाची ग्वाल्हेर परंपरा नांदली. या लष्कराशी गोव्यातील मंगेशीचा एक धागा जोडलेला आहे. त्याचे दुसरे टोक मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहात लता मंगेशकर यांच्यापाशी सापडते.

हद्दू खाँ, हस्सू खाँ आणि नत्थू खाँ या बंधूंनी एकोणिसाव्या शतकात ग्वाल्हेरच्या गायकीला आकार दिला. त्यांच्या पुढच्या पिढीतील निसार हुसेन खाँ यांनी लष्करातील शंकरराव पंडित यांना विद्या दिली. खाँसाहेब पंडितांच्या घरी राहात आणि ब्राह्मण कुटुंबाचे आचारविचार इतके पाळत, की लोक त्यांना ‘निसार भट’ म्हणू लागले. शंकररावांचे पुत्र कृष्णराव पंडित यांनी १९१४मध्ये लष्करात संगीतविद्यालय काढले. माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने आणि पंडित भातखंडे यांच्या योजनेनुसार १९१८मध्ये माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. या परंपरेत नावाला फार मोठे स्थान होते. बंदिश कोणाची, ती कोणाकडून आली, तान कोणाच्या अंगाची, हे सांगितल्याखेरीज विद्या पूर्ण होत नसे. गुरूचे नाव उच्चारताना हात कानाच्या पाळीकडे जाई. गवयाला दाम कमी मिळाला तरी चाले, पण त्याचे आणि त्याच्या उस्तादाचे नाव गाळलेले चालत नसे. पार्श्वगायकाच्या वाट्याला पुढे काय आले, ते समजण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी.

सावंतवाडी संस्थानातील वझरे गावचे रामकृष्णबुवा वझे लहान वयात घर सोडून गाणे शिकायला निघाले. पायपीट करीत, माधुकरी मागत ते ग्वाल्हेरला पोहोचले आणि निसार हुसेन खाँ यांच्याकडे शिकले. आपली ही हकिकत त्यांनी ‘संगीत कला प्रकाश’ या ग्रंथात लिहून ठेवली आहे. गोमंतकाच्या केसरबाई केरकर काही काळ त्यांच्याकडे शिकल्या. मंगेशीचे दीनानाथ हेही त्यांचे गंडाबंध शागीर्द. २९ डिसेंबर १९०० रोजी जन्मलेल्या दीनानाथांनी गावाच्या नावावरून ‘मंगेशकर’ हे आडनाव घेतले. केसरबाई केरीच्या, मोगूबाई कुर्डीच्या, तसे दीनानाथ मंगेशीचे. गोव्यातील कलावंतांनी आपल्या गावांची नावे अशी देशभर नेली. १९१८मध्ये चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह दीनानाथांनी बळवंत संगीत मंडळी स्थापन केली. या मंडळीच्या ‘रणदुंदुभी’ आणि ‘संन्यस्त खड्ग’ या नाटकांना संगीत होते ते वझेबुवांचेच.

लता मंगेशकर ग्वाल्हेर घराण्याच्या गायिका होत्या असे म्हणणे मात्र अतिशयोक्तीचे होईल. त्यांचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदूरला झाला. पहिले गुरू वडील. मुंबईत आल्यावर त्या भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ आणि नंतर अमानत अली खाँ देवासवाले यांच्याकडे शिकल्या. मूळ नाव हेमा. ‘भावबंधन’ नाटकातील लतिकेवरून ते लता झाले, असे सांगितले जाते. वडिलांच्या एका शिष्याची पूरिया धनाश्रीतील चूक लहानग्या लतेने सुधारली आणि ते ऐकून दीनानाथांनी गवई आपल्या घरातच असल्याचे ओळखले, ही आठवण त्यांनीच अनेकदा सांगितली. घरातून त्यांना रागांच्या जोडीने एक समजही मिळाली होती. गाणे कोणी गायले, हा प्रश्न गाण्याच्या बाहेरचा नसतो, अशी ती समज होती.

चित्रपटाने नेमका हाच प्रश्न पुसून टाकला होता. बोलपटाच्या आरंभी नट-नटी स्वतः गात. १९३५मध्ये न्यू थिएटर्सच्या ‘धूपछाँव’ने आधी ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यावर पडद्यावरील पात्राने ओठ हलवण्याची पद्धत हिंदीत रूढ केली. त्यामुळे आवाज आणि चेहरा यांची फारकत झाली. सैगल किंवा नूरजहाँ पडद्यावरही दिसत, म्हणून त्यांची नावे टिकली. पडद्यामागे उभा राहणारा मात्र निनावी होत गेला. अनेक तबकड्यांवर गायकाऐवजी चित्रपटातील पात्राचे नाव छापले जाई. श्रोत्याचा असा समज राहावा, यात निर्मात्याचा फायदा होता. पडद्यावरची नायिका गाते असे वाटले, की नायिकेची किंमत वाढे.

दीनानाथांचा चित्रपटनिर्मितीचा प्रयत्न अंगावर आला, मंडळी मोडली आणि २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्या वेळी लताबाईंचे वय बारा वर्षे, पाठची चार भावंडे. त्याच वर्षी वसंत जोगळेकरांच्या ‘किती हसाल’साठी त्यांनी एक गाणे गायले, पण ते चित्रपटातून वगळले गेले. मास्टर विनायक यांनी ‘पहिली मंगळागौर’मध्ये छोटी भूमिका आणि गाणे दिले. पुढची काही वर्षे चेहऱ्याला रंग लावून घर चालवावे लागले, आणि अभिनय आपल्याला कधीच आवडला नाही, असे त्या नंतर स्पष्टपणे सांगत. विनायकरावांच्या संस्थेबरोबर १९४५मध्ये त्या मुंबईला आल्या. दत्ता डावजेकर यांनी ‘आप की सेवा में’साठी त्यांच्याकडून हिंदीत गाऊन घेतले. १९४७च्या ऑगस्टमध्ये विनायकराव गेले आणि पगाराचा आधारही संपला. गुलाम हैदर यांनी हा आवाज ‘शहीद’साठी सुचवला, तेव्हा निर्माते शशधर मुखर्जी यांनी तो फारच बारीक म्हणून नाकारला. हैदर यांनी १९४८मध्ये ‘मजबूर’मध्ये तो वापरला. ‘शहीद’ आणि ‘मजबूर’ यांत दोन महिन्यांचे अंतर असो वा दोन वर्षांचे, त्या नकाराची गोष्ट आज सांगितली जाते ती तो नकार चुकीचा ठरला म्हणूनच. नकारानंतर घरी परतलेल्या इतर मुलींची नावे कोठेही नोंदलेली नाहीत.

१९४९ हे वर्ष निर्णायक ठरले. ‘अंदाज’, ‘बरसात’ आणि ‘महल’ एकाच वर्षात आले. खेमचंद प्रकाश यांनी ‘महल’साठी केलेले ते प्रसिद्ध गीत दुरून जवळ येणाऱ्या आवाजाने सुरू होते. ध्वनिमिश्रणाची आजची साधने तेव्हा नव्हती. म्हणून लताबाई खोलीच्या कोपऱ्यातून गात गात एकेक पाऊल मायक्रोफोनकडे आल्या. नेमक्या सुरावर नेमक्या जागी पोहोचायचे, आणि चुकले की वादकांसह सारे पुन्हा पहिल्यापासून. एवढ्या खटपटीनंतर तबकडीवर गायिका म्हणून नाव आले ते ‘कामिनी’, म्हणजे मधुबालाच्या पात्राचे. आकाशवाणीवर गाणे लागले आणि ही कामिनी कोण, असे विचारणारी श्रोत्यांची पत्रे येऊ लागली. नभोवाणीने ध्वनिमुद्रिका कंपनीकडे चौकशी केली, तेव्हा खरे नाव श्रोत्यांपर्यंत गेले. तबकड्यांवर पात्रांची नावे छापण्याची प्रथा याच सुमारास मोडू लागली. ‘बरसात’चा उल्लेख या संदर्भात नेहमी होतो. ‘महल’ने गायिकेला एकाएकी प्रसिद्धी दिली असे लिहिण्याचा प्रघात आहे. वस्तुतः श्रोत्यांनी ती पत्रे लिहून मिळवून दिली.

पुरस्कार, मानधन आणि वाटा

नाव मिळाल्यावर पुढचा प्रश्न मानाचा होता. फिल्मफेअर पुरस्कार १९५४मध्ये सुरू झाले, तेव्हा चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री आणि संगीतकार एवढेच विभाग होते. ‘चोरी चोरी’च्या संगीतासाठी शंकर-जयकिशन यांना पुरस्कार मिळाला. त्या सोहळ्यात चित्रपटातील गीत गाण्याची विनंती जयकिशन यांनी केली असता लताबाईंनी नकार दिला. पुरस्कार संगीतकाराला आहे, गायकाला नाही, तर वादकांकडून धून वाजवून घ्यावी, असा त्यांचा रोख होता. १९५९मध्ये पार्श्वगायनाचा विभाग सुरू झाला आणि पहिला पुरस्कार ‘मधुमती’तील गाण्यासाठी त्यांनाच मिळाला. स्त्री आणि पुरुष गायकांना मिळून तो एकच होता. १९६८च्या सोहळ्यापासून तो स्वतंत्र झाला आणि गायिकांच्या विभागात पहिले नाव लागले ते आशा भोसले यांचे. १९७०मध्ये चौथा पुरस्कार स्वीकारल्यानंतर, नव्या गायिकांना वाव मिळावा म्हणून आपला विचार करू नये, असे लताबाईंनी कळवले.

खरा संघर्ष पैशाचा होता, आणि तो त्या जिंकल्या नाहीत. गायकाला गाण्यामागे एकदाच मानधन मिळे. तबकडी दहा वर्षे विकली गेली, रेडिओवर रोज वाजली, तरी त्यातला एक पैसा गायकाकडे परत येत नसे. संगीतकारांना मिळणाऱ्या रॉयल्टीत गायकाचाही वाटा असावा, अशी मागणी त्यांनी साठच्या दशकाच्या आरंभी केली. मुकेश, तलत महमूद यांच्यासारखे सहकारी त्यांच्या बाजूचे होते. महंमद रफी यांना हे पटले नाही. ठरलेले मानधन मिळाले की व्यवहार पूर्ण झाला, अशी त्यांची सरळ भूमिका होती. मतभेद इतका वाढला की दोघांनी काही वर्षे एकत्र गाणे थांबवले. रफींच्या स्वभावातील निरिच्छा सर्वांना ठाऊक होती आणि तिच्याविषयी आदरच वाटावा. तरीही हा प्रश्न एका उदार माणसाच्या स्वभावाचा नव्हता. जो गायक वर्षाला चारच गाणी गातो, त्याच्या म्हातारपणाचा तो होता. पडत्या काळात हलाखीत दिवस काढलेल्या जुन्या गायिकांची उदाहरणे चित्रसृष्टीसमोर होतीच.

या अबोल्याच्या काळात रफींबरोबरची बरीच युगुलगीते सुमन कल्याणपूर यांच्याकडे आली. त्यांचा आवाज लताबाईंच्या आवाजाच्या इतका जवळ जाई, की रेडिओवर त्यांची गाणी लता मंगेशकर यांच्या नावाने सांगितली गेल्याचे प्रसंग घडले. नावासाठी लढलेल्या गायिकेचे नाव एवढे मोठे झाले होते, की दुसऱ्या समर्थ गायिकेचे नाव त्याखाली झाकले गेले. मराठी भावगीतांनी सुमनताईंना स्वतःची ओळख दिली. पद्मभूषण मात्र २०२३मध्ये, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी मिळाले. लताबाईंवर मक्तेदारीचा आरोप अनेक दशके होत राहिला. त्यातला किती भाग त्यांच्या आग्रहाचा आणि किती निर्माते-संगीतकारांच्या सोयीचा, हे वेगळे काढणे कठीण आहे. पण आरोपच निराधार होता असे मानून पुढे जाणे त्यांच्या चरित्राला न्याय देणारे नाही.

आकड्यांचा वादही याच जातीचा. गिनेस बुकाने १९७४च्या आवृत्तीत त्यांच्या नावावर पंचवीस हजार गाणी असल्याची नोंद केली. रफींनी तिला हरकत घेतली. पुढे संग्राहकांनी चित्रपटागणिक याद्या लावल्या, तेव्हा त्यांची हिंदी चित्रपटगीते पाच-सहा हजारांच्या घरात भरली. गिनेसने ती नोंद नंतर काढून टाकली. लताबाईंनी स्वतः कधी मोजदाद ठेवली नव्हती. फुगवलेला आकडा मात्र आजही लेखांतून फिरतो. तीसहून अधिक वर्षे रोज दोन-दोन ध्वनिमुद्रणे करणाऱ्या गळ्याला त्याची गरज नव्हती. श्वास कोठे घ्यावा, मायक्रोफोनला तो ऐकू न देता कसा घ्यावा, हे अनिल विश्वास यांच्याकडून शिकल्याचे त्या सांगत. मराठी माणसाच्या उर्दूला वरण-भाताचा वास येतो, अशा आशयाचा शेरा दिलीपकुमार यांनी मारल्यावर त्यांनी मौलवी ठेवून उर्दू उच्चार घोटले. हे कष्ट आकड्यांत दिसत नाहीत.

या कारकीर्दीतली एक गोष्ट जाता जाता नोंदवण्याजोगी आहे. नावासाठी एवढी झुंजणारी ही गायिका मराठीत संगीतकार झाली, तेव्हा तिने नाव लपवले. ‘राम राम पाव्हणं’ला त्यांनी स्वतःच्या नावाने संगीत दिले. नंतर भालजी पेंढारकरांच्या ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’ आणि ‘तांबडी माती’ या चित्रपटांचे संगीतकार म्हणून नाव होते ‘आनंदघन’. ‘साधी माणसं’ला राज्य पुरस्कार मिळाला, आनंदघन यांना मंचावर बोलावण्यात आले, तेव्हा हे गृहस्थ म्हणजे सभागृहात बसलेल्या लताबाईच असल्याचे उघड झाले. नाव न देणे आणि नाव न मिळणे यांत केवढे अंतर असते, ते या प्रसंगातून कळते. पहिल्याचा निर्णय कलावंताचा असतो.

कायद्याची वाट

१९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यात गायकाला स्थानच नव्हते. गीतकाराचे शब्द, संगीतकाराची स्वररचना, निर्मात्याची ध्वनिमुद्रिका एवढे कायद्याला दिसे. ज्याच्या गळ्यातून ते सारे ऐकू येते, तो दिसत नसे. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी आणि पूर्व भारतातील चित्रपटनिर्मात्यांची संघटना यांच्यातील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७मध्ये निकाल दिला. तो निर्मात्यांच्या बाजूने होता. मात्र न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी आपल्या स्वतंत्र टिपणात, गायकाच्या आवाजाला कायदा काहीच संरक्षण देत नाही, याबद्दल खेद व्यक्त करून संसदेने यात लक्ष घालावे असे सुचवले. गोव्यात, मुंबईत, मद्रासेत गाणाऱ्या प्रत्येकाच्या दृष्टीने त्या निकालातील हे सर्वांत महत्त्वाचे परिच्छेद होते. निर्णायक भागाच्या बाहेर असल्यामुळे त्यांना बंधनकारक बळ नव्हते.

संसदेला त्यासाठी सतरा वर्षे लागली. १९९४च्या दुरुस्तीने ‘सादरकर्त्याचा हक्क’ आला आणि त्याची मुदत पंचवीस वर्षे ठेवली गेली. १९९९मध्ये ती पन्नास वर्षे झाली. पण चित्रपटासाठी गाण्यास संमती दिली की त्या गाण्यावरील पुढचा हक्क संपे. त्यामुळे पार्श्वगायक जवळजवळ जिथल्या तिथेच राहिला. २००६मध्ये नेहा भसीन या गायिकेने, आपण गायलेल्या गाण्याचे श्रेय दुसऱ्याला देऊन आपल्याला केवळ साथीच्या गायिकांत बसवले, अशी तक्रार दिल्ली उच्च न्यायालयात नेली. स्टुडिओत केलेले गायन हेही मुळात प्रत्यक्ष सादरीकरणच असते, असे न्यायालयाने मानले. ‘महल’च्या तबकडीवरील ‘कामिनी’नंतर सत्तावन्न वर्षांनीही प्रश्न तोच होता.

२०१२च्या दुरुस्तीने मोठा फरक पडला. गाण्याचा व्यापारी वापर झाल्यास सादरकर्त्याला रॉयल्टीचा अधिकार मिळाला. ‘हे मी गायले आहे’ असे सांगण्याचा, म्हणजे नावाचा, नैतिक हक्क कलम ३८-ख मध्ये लिहिला गेला. त्याच कायद्याच्या व्याख्येत एक पोटकलमही आहे. चित्रपटात ज्याचा सहभाग प्रासंगिक आहे आणि उद्योगाच्या रिवाजानुसार ज्याचे नाव श्रेयनामावलीत येत नाही, त्याला बहुतांश बाबतींत ‘सादरकर्ता’ मानले जात नाही. समूहगानात मागे उभ्या राहणाऱ्या मुलीसाठी श्रेयनामावलीतील एक ओळ केवढ्या मोलाची ठरते, हे त्यावरून दिसते. नावाचा प्रश्न आणि पैशाचा प्रश्न कायद्याने असे एकत्र बांधले आहेत.

दुरुस्तीनंतर गायकांनी स्वतःची हक्कसंस्था काढली. लता मंगेशकर आणि त्यांच्या भगिनी तिच्या आरंभीच्या आधारस्तंभांपैकी होत्या. त्यांची वये तेव्हा ऐंशीच्या आसपास किंवा त्यापुढे होती. २०१३मध्ये संस्थेची नोंदणी झाली. हॉटेले आणि मद्यालये गाणी वाजवतात, पण गायकांचा वाटा देत नाहीत, म्हणून ती न्यायालयात गेली. ध्वनिमुद्रिका कंपन्यांशी तिचा वाद दहा वर्षे चालला. २०२३मध्ये दोन्ही बाजूंत समझोता झाला आणि रॉयल्टीचा मार्ग मोकळा झाला. लताबाई त्यापूर्वीच, ६ फेब्रुवारी २०२२ रोजी, मुंबईत निधन पावल्या होत्या. साठच्या दशकात मागितलेला वाटा त्यांच्या मागून आलेल्यांना मिळू लागला.

गोव्यात पणजीच्या कला अकादमीचे मुख्य सभागृह दीनानाथ मंगेशकर यांच्या नावाने ओळखले जाते. मध्य प्रदेश सरकारने १९८४मध्ये सुगम संगीतासाठी लता मंगेशकर यांच्या नावाचा सन्मान सुरू केला. तेव्हा त्या हयात होत्या आणि नियमाने गात होत्या.

आता वाद आवाजाच्या पुढच्या टप्प्यावर आला आहे. संगणकाला एखाद्या गायकाच्या गाण्यांचा नमुना देऊन, त्याने कधीच न गायलेले गाणे त्याच्या आवाजात तयार करता येते. अरिजित सिंह यांच्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४मध्ये अशा साधनांना अंतरिम मनाई केली. २०२५मध्ये आशा भोसले याच तक्रारीसाठी त्याच न्यायालयात गेल्या. संमतीवाचून त्यांच्या आवाजाची नक्कल तयार करून देणे हे त्यांच्या व्यक्तिमत्त्वहक्काचा भंग करणारे आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि त्यांचे नाव, छायाचित्र व आवाज यांच्या अशा वापराला मनाई केली.